समावेशकता, दर गुरुवारी साडेसहाला

वकिलांनी जाहिरात करायची नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे, क्रमांक 36. 2008 साली तो जरासा सैल केला आणि संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं लिहायला परवानगी दिली. तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक लॉ फर्मचं संकेतस्थळ उघडलं की आधी एक चौकट आडवी येते. मी स्वतःच्या मर्जीनं इथे आलो आहे, मला कुणीही बोलावलेलं नाही, असं कबूल केल्याशिवाय ती हलत नाही. पुण्यातल्या पाट्यासुद्धा पाहुण्याकडून इतकं लेखी घेत नाहीत.

कबुली देऊन आत गेलात की मात्र मायेचा पूर. कामाची फुशारकी मारता येत नाही म्हणून फर्म स्वतःच्या स्वभावाबद्दल बोलते. आमची मूल्यं, आमची संस्कृती, आमचं कुटुंब, आमच्याकडे सगळ्यांना जागा. बार कौन्सिलनं कामाच्या जाहिरातीला बंदी केली, मोठ्या मनाच्या जाहिरातीला बंदी करायची राहून गेली.

आमच्या फर्मच्या समावेशकतेच्या पानावर जितके फोटो आहेत तितक्यात मी आहे. एकात मी फाइल वाचत हसते आहे. हसत वाचावी अशी फाइल मला वकिलीत अजून मिळालेली नाही, पण फोटोग्राफरचा आग्रह होता. त्यानं मला साडी नेसून यायला सांगितलं होतं आणि नागालँडच्या ज्युनिअरला ‘तुमच्याकडचं काहीतरी’ घालून. आमच्या दृष्टिहीन असोसिएटला त्यानं लॅपटॉपकडे एकाग्रतेनं बघायला सांगितलं. फर्म ज्यांची आहे ते पार्टनर कुठल्याच फोटोत नाहीत. त्यांना सामावून कशाला घ्यायचं? ते आहेतच.

या समावेशकतेची सुरुवात कुणाच्या अंतःकरणात झाली असं समजू नका. एका अमेरिकन अशिलाची प्रश्नावली आली. तिकडे 2017 साली मॅन्सफील्ड नावाचा एक नियम सुरू झाला. अमेरिकेतल्या पहिल्या महिला वकील अरबेला मॅन्सफील्ड यांच्या नावाचा. मोठ्या जागांसाठी विचारात घेतलेल्या उमेदवारांत किमान 30 टक्के लोक आजवर बाहेर ठेवलेल्या गटांतले असावेत, अशी त्याची सुरुवातीची अट. त्या वाऱ्यात आमच्या अशिलानंही विचारलं की आमच्या कामावर तुमच्याकडच्या बायका किती, अपंग किती, अल्पसंख्याक किती. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. शनिवार-रविवारात फर्मला आमचा शोध लागला.

मी बेळगावची, मराठी, आणि बाई. त्यामुळे एका खुर्चीत दोन रकाने भरले. बाईचा रकाना वादातीत होता. दुसऱ्यासाठी एचआरची मुलगी येऊन म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही भाषिक अल्पसंख्याक ना?’ तिला म्हटलं, बाई गं, हे इतकं सोपं नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून पडून आहे. तिनं ऐकून घेतलं आणि हो वर टिचकी मारली. माझं गाव कुणाचं हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ठरवता आलेलं नाही, ते आमच्या एचआरनं अर्ध्या मिनिटात ठरवलं.

आता जागेविषयी. आमचं ऑफिस बंगळुरात हेब्बाळला का, हे क्लर्कपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. उच्च न्यायालय कब्बन पार्कजवळ, अट्टारा कचेरीच्या लाल इमारतीत. शहर दिवाणी न्यायालय केंपेगौडा रस्त्याला. आणि आम्ही उत्तरेला, तळ्याच्या बाजूला. कारण अशील इकडे आहेत. मान्यता टेक पार्क जवळ, आणि विमानतळाचा रस्ता खिडकीखालून जातो. ‘सर्वांना सोयीचं ठिकाण’ असं पानावर लिहिलं आहे, आणि दिल्ली-मुंबईहून विमानानं येणाऱ्या सर्वांना ते खरोखर सोयीचं आहे. अकाउंट्समधल्या एक बाई केंगेरीहून बसनं येतात. हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ त्यांची बस जितका वेळ उभी असते तेवढ्यात विमानातल्या माणसाचं जेवण होऊन ट्रेही परत गेलेला असतो. ऑगस्ट 2025 मध्ये पुलाला एक नवी मार्गिका जोडली. मेट्रोचं काम चालू आहे, म्हणजे सध्या त्याचीही गर्दी आहे. पण आमच्याकडे वेळेची लवचीकता आहे. साडेनऊच्या आधी कधीही या.

दाराबाहेरच्या पाटीची हकिकत वेगळी सांगायला हवी. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनं पाटीचा 60 टक्के भाग कन्नडात हवा, आणि तो वर हवा. आमची पाटी बदलली. बसवल्यावर दिसलं की फर्मच्या नावातला एक दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आहे. हे मला दिसलं, आमच्या क्लर्क अण्णांना दिसलं. पहारेकऱ्याला दिसलं नाही, कारण तो आसामचा. पार्टनर मंडळींनी पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि स्थानिक संस्कृतीच्या सन्मानाबद्दल चार ओळी लिहिल्या, इंग्रजीत. याच हेब्बाळात 2018 साली एक वीरगळ सापडला, साधारण इ. स. 750 चा. गावासाठी लढून पडलेल्या कित्तय्याचं नाव त्यावर आहे, आणि बंगळुरातला सगळ्यांत जुना कन्नड लेख म्हणून तो ओळखला जातो. पावणेतेराशे वर्षांपूर्वी दगडावर छिन्नी चालवणाऱ्यानं जे साधलं ते आमच्या पाटीवाल्याला संगणकावर साधलं नाही, आणि दुरुस्तीचा खर्च कुठल्या अशिलाच्या खात्यावर टाकायचा हे न ठरल्यामुळे पाटी तशीच आहे.

आत मात्र एकच भाषा, इंग्रजी, कारण इतर भाषा बोलल्या की कुणाला तरी परकं वाटतं असं धोरण सांगतं. अण्णा आणि मी कन्नडात बोललो की दिल्लीच्या असोसिएटांना परकं वाटतं. ते आपसांत हिंदीत बोलतात तेव्हा मात्र ते सहज बोलत असतात. शिवाय मला प्रत्येक नवा माणूस सांगतो की मराठी असून तुमचं कन्नड किती छान आहे. पुण्यात आत्याकडे गेले की शेजारच्या काकू म्हणतात, कर्नाटकातली असून मराठी किती शुद्ध बोलतेस. शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूर जहागिरीत मिळालं तेव्हा त्यांच्या भाषेचं कौतुक असं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

प्रश्नावली भरून गेली, अशील खूश झालं, आणि एक समिती स्थापन झाली. समितीत मी, नागालँडची ज्युनिअर, दृष्टिहीन असोसिएट, एक मुस्लीम पॅरालीगल, दोन वर्षांच्या मुलाची आई असलेली एक असोसिएट, आणि कलबुर्गीचा एक दलित असोसिएट. आपली जात फर्मला कुणी सांगितली हे तो बिचारा अजून शोधतो आहे. वर एक सीनियर पार्टनर, ते समितीचे ‘प्रायोजक’. पहिल्या बैठकीला ते जातीनं हजर राहिले, हा विषय आपल्या मनाच्या फार जवळचा आहे असं म्हणाले, आणि तिथूनच विमानतळावर गेले.

ही रचना जरा नीट बघा. फर्ममध्ये ज्यांना बाहेरचं वाटतं त्यांना आत घ्यायचं आहे. हे काम कुणी करायचं? तर ज्यांना बाहेरचं वाटतं त्यांनी. दरवाजा आतून बंद, आणि बाहेर उभ्या असलेल्यांची समिती नेमून त्यांच्याकडून दरवाजाचा अहवाल मागवलेला. बाकीच्यांना समितीत का घेतलं नाही, असं मी विचारलं होतं. तो त्यांचा अनुभव नाही, असं उत्तर मिळालं. खरंच आहे. दार बंद असण्याचा अनुभव त्यांना कुठून असणार?

बैठक दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. दिवस अशिलांचा असतो. लॉ फर्ममध्ये वेळ सहा मिनिटांच्या तुकड्यांत विकतात. तासाचे दहा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी नावावर टाइमशीटमध्ये चढवायचा. फोनवर ‘बघतो’ म्हटलं तरी एक तुकडा. समितीच्या वेळेला स्वतंत्र कोड आहे, आणि त्या कोडपुढे शून्य रुपये आहेत. वर्षअखेरीला मूल्यमापनात दोन वाक्यं येतात. पहिलं, फर्मच्या संस्कृतीला तुमचं योगदान अमूल्य आहे. दुसरं, बिलेबल तास कमी पडले आहेत. अमूल्य या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ शब्दशः बरोबर आहे, वकीलच आहेत शेवटी.

त्यात समितीतल्या आईच्या मुलाचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. त्यामुळे ती असोसिएट सव्वासहालाच निघते, आणि नोकरी करणाऱ्या आयांचा विषय नेहमी तिच्या गैरहजेरीत निघतो. इतिवृत्तात नोंद होते की या विषयावर कुणाची हरकत आली नाही.

विशेष दिवसांचं वेळापत्रकही आमच्याकडेच. ज्याचा दिवस त्यानं भाषण करायचं. 14 एप्रिलला कलबुर्गीवाला बोलतो. रमजानमध्ये पॅरालीगलनं इफ्तारचं सांगायचं, आणि आणायचंही. नागालँडच्या मुलीला ईशान्येच्या आठही राज्यांवर प्रश्न विचारतात. ती कोहिमाची आहे, मणिपूरचं तिला तेवढंच ठाऊक जेवढं आपल्याला वर्तमानपत्रातून. महिला दिनाला मात्र आम्हाला बोलावं लागत नाही. त्या दिवशी एक गुलाब आणि एक कपकेक मिळतो, आणि पुरुष पार्टनर बोलतात. आपल्या आईवर, मग बायकोवर. बहुतेकांच्या भाषणात आईनं फार कष्ट केले आणि बायकोनं करियर सोडलं, आणि या दोन्ही गोष्टी ते त्याच अभिमानानं सांगतात.

आता ‘कुटुंब’ या प्रकरणाकडे येते, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. बार कौन्सिलचा आणखी एक नियम आहे, क्रमांक 49. वकिली करणाऱ्याला कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून लॉ फर्ममधले असोसिएट बहुधा नोकर नसतात, रिटेनर असतात. महिन्याच्या महिन्याला पगार येत नाही, व्यावसायिक शुल्क येतं, त्यातून 10 टक्के टीडीएस कापतात, आणि फॉर्म 16 च्या ऐवजी 16-ए हातात देतात. सकाळी साडेनऊला येऊन रात्री साडेदहाला जाणारी, रजेचा अर्ज करणारी, ऑफिसची बिल्ला-पट्टी गळ्यात घालणारी मी आयकर खात्याच्या लेखी फर्मशी अधूनमधून व्यवहार करणारी एक स्वतंत्र व्यावसायिक आहे. घरच्या माणसाला असं कुणी वागवत असेल तर त्या घराची वाटणी होऊन गेलेली असावी.

2017 च्या दुरुस्तीनं मातृत्वाची पगारी रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. आमच्या मजल्यावर सकाळी जागा मिळत नाही इतकी माणसं असतात, पण कर्मचारी मोजायला बसलं की रिटेनर वगळून 50 चा आकडा काही भरत नाही. पाळणाघर नाही. फोटो काढताना मात्र सगळे मोजले जातात. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं मासिक पाळीसाठी वर्षाला 12 दिवसांची पगारी रजा मंजूर केली, खासगी क्षेत्रासकट. दुसऱ्याच दिवशी आमच्या फर्मनं तिचं मनापासून स्वागत केलं. ही रजा रिटेनरना आहे का, असं मी मेलवर विचारलं. ‘तपासून कळवतो’ असं उत्तर आलं. ज्या विभागाकडे ते तपासायला गेलं तो आमचाच कामगार कायदे विभाग. तोच विभाग बाहेरच्या कंपन्यांना या रजेवर तासाच्या दरानं सल्ला देतो आहे, आणि त्यांना उत्तरं वेळेवर मिळतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, पण निदान ते सांगायचे पैसे तरी घेतात.

ऑफिसात बैठकीच्या खोल्यांना नामवंत वकिलांची नावं आहेत. सगळ्यांत मोठी, तळ्याकडची, पालखीवाला. तिच्या खालोखाल सीरवाई. आणि समिती स्थापन झाल्यावर लक्षात आलं की एकही नाव बाईचं नाही, तेव्हा फोटोकॉपी मशीनशेजारच्या खोलीला कॉर्नेलिया असं नाव दिलं. खिडकी नाही. जुन्या खटल्यांची खोकी तिथेच असतात. बाळाला दूध काढून ठेवायचं असेल त्या आईनंही तिथेच जायचं. दार काचेचं आहे, त्यावर कागद चिकटवला आहे.

कॉर्नेलिया सोराबजींना या खोलीचं आश्चर्य वाटलं नसतं. नाशिकला 1866 साली जन्मल्या, 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी हातात पडली 1922 साली, कारण त्या विद्यापीठानं बायकांना पदव्या द्यायला सुरुवातच 1920 साली केली. तीस वर्षं पडून राहिलेलं प्रकरण म्हणजे आपल्याकडच्या दिवाणी वकिलाला नेहमीचीच तारीख. खरं तर कायद्यानं बायकांना 1897 सालीच पोटात घेतलं आहे. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 13 सांगतं की पुल्लिंगी शब्दात स्त्रीही आली. 1916 साली रेजिना गुहा यांच्या बाजूनं कलकत्ता उच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला गेला. वकिलांच्या कायद्यातल्या ‘तो’मध्ये मीही येते, मला नोंदवून घ्या. पूर्णपीठानं ठरवलं की वकिलीपुरती ती त्यात येत नाही. त्यासाठी 1923 चा वेगळा कायदा करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयानं पहिल्या महिला सीनियर ॲडव्होकेट म्हणून इंदिरा जयसिंग यांना नेमलं तेव्हा 1986 साल उजाडलं होतं.

पुढचा वेग पाहून कुणाला धाप लागू नये. 2021 साली तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी सांगितलं की देशातल्या 17 लाख वकिलांत बायका 15 टक्के आहेत. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगळूरच्या वकील संघटनेत एक पद महिलेसाठी राखून ठेवायला सांगितलं, खजिनदाराचं. घरखर्चाचा हिशेब आयुष्यभर ज्यांनी ठेवला त्यांना संघटनेचाही ठेवता येईल, असा विश्वास यामागे असावा. आणि माझ्या बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेले ई. एस. वेंकटरामय्या 1989 साली सरन्यायाधीश झाले. त्यांच्या कन्या, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना, सेवाज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर 2027 मध्ये देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. 36 दिवसांसाठी. आमच्या फर्ममध्ये यावर मोठा केक कापायचं आत्ताच ठरलं आहे. केकची ऑर्डर द्यायचं काम कुणाकडे, हे सांगायला नको.

अपंग दिनाची गोष्ट सांगते. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. आमचं धोरण आहे. सुरेख कागदावर छापलं, स्कॅन करून सगळ्यांना पाठवलं. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो, आणि फोटोतला मजकूर दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. आमच्या असोसिएटच्या संगणकानं त्याला त्याच्या हक्कांबद्दल एवढंच सांगितलं: ‘इमेज, पान एक’. त्यानं कळवलं की सगळीच कागदपत्रं मजकूर ओळखता येईल अशा रूपात मिळाली तर बरं होईल. स्कॅन करताना एक बटण जास्त दाबायचं असतं, बस. फर्मनं ही सूचना फार गांभीर्यानं घेतली आणि डोळ्यांना पट्टी बांधून जेवायचा कार्यक्रम ठेवला. पंचवीस-तीस वकील काळ्या पट्ट्या बांधून बिसी बेळे भात सांडत होते. एका पार्टनरनं दही समजून चटणी भरपूर घेतली आणि आपल्याला आज खूप काही कळलं असं सांगितलं. असोसिएट त्या वेळी आपल्या टेबलापाशी होता. एक करारनामा स्कॅन होऊन आला होता, आणि तो कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून वाट बघत होता. सगळे जेवत होते.

मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. म्हणजे हा मुलगा उद्या न्यायाधीश होऊ शकतो. आमच्याकडचा रजेचा अर्ज त्याला वाचता येत नाही. बटण अजून दाबलं गेलेलं नाही.

किरकोळ तक्रारी भराभर उरकते. एसी पुरुषांच्या कोटाला सोसेल इतका थंड असतो, म्हणून आम्ही बायका मे महिन्यात शाली घेऊन बसतो. मायक्रोवेव्ह दोन आहेत. शाकाहारी चालू असतो, दुसरा कायम दुरुस्तीला असतो. नागालँडच्या मुलीच्या डब्यानंतर ‘उग्र वासाचे पदार्थ’ या विषयावर एक मेल आली, नाव न घेता, आणि नेमका त्याच दिवशी माझ्या डब्यात सुकटाची चटणी असल्यामुळे आम्ही दोघींनी ती मेल आपापल्या नावावर घेतली. बायस ओळखण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण दरवर्षी होतं. त्यातली पात्रं जेनिफर आणि राज, आणि उत्तरं ग्रुपवर आधीच फिरतात. एका पार्टनरसाहेबांचं प्रशिक्षण त्यांच्या सेक्रेटरीनं पूर्ण केलं. बाईंना त्यात पूर्ण गुण मिळाले, प्रमाणपत्र साहेबांच्या नावावर आहे.

राज्योत्सवाच्या आधीच्या कामाच्या दिवशी सगळ्यांनी लाल-पिवळं घालून यायचं असतं. 1 नोव्हेंबरला बेळगावात मराठी मंडळींपैकी काहीजण निषेधाचे काळे कपडे घालतात, हे अण्णांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. मी त्या लाल-पिवळ्याच्या दिवशी हटकून हिअरिंग लावून घेते. वकिलानं काळा कोट घातला तर ना बेळगावची हरकत, ना बंगळूरची.

आता अण्णा. उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रीत कुठल्या खिडकीवर कुठला आक्षेप निघतो हे आमच्या फर्ममध्ये फक्त त्यांना ठाऊक आहे. निवृत्तीला आले तरी त्यांना ‘कोर्ट बॉय’ म्हणतात. सकाळी फायली घेऊन ते हेब्बाळहून कब्बन पार्ककडे निघतात तेव्हा समावेशकतेचं पान अजून कुणी उघडलेलंही नसतं. समितीनं एकदा सर्वेक्षण केलं, तुम्हाला फर्ममध्ये आपलेपणा वाटतो का? इंग्रजीत, मेलवर. अण्णांना, ड्रायव्हरांना, सफाईच्या अक्कांना ऑफिसची मेल नाही. निष्कर्षात लिहिलं गेलं की साहाय्यक कर्मचाऱ्यांकडून एकही तक्रार आली नाही. मी ती ओळ काढायला सांगितली तर अहवाल पाठवून झाला होता. आमच्या समितीतही अण्णा नाहीत, आणि आम्हा सहा जणांपैकी कुणाच्याही लक्षात ते आधी आलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आलं होतं. प्रायोजकांनी सांगितलं, समिती ‘फी मिळवणाऱ्यांची’ आहे.

मग 2025 उजाडलं. तिकडे वॉशिंग्टनमध्ये वारं फिरलं. मार्चमध्ये अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाच्या प्रमुखांनी 20 मोठ्या लॉ फर्मना पत्रं धाडली, की तुमचे हे विविधतेचे कार्यक्रम काय आहेत, कुणाला कशावरून निवडता, तपशील द्या. कुणाकुणाची पानं रातोरात बदलली. आमच्या अशिलाचीही नवी प्रश्नावली आली, जिच्यात तो रकानाच नव्हता. पुढच्या आठवड्यात आमच्याही पानावरून दोन परिच्छेद गेले. माझा फाइल वाचून हसणारा फोटो राहिला आहे, कारण त्याच्यात फाइल आहे. ज्या रकान्यासाठी माझं गाव अर्ध्या मिनिटात ठरलं होतं तो गेल्यावर मी पुन्हा न्यायप्रविष्ट झाले.

समिती बरखास्त होईल असं आम्हाला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही गुरुवारसाठी काही बेतही केले होते. तसं झालं नाही. तिचं नाव बदलून ‘संस्कृती समिती’ ठेवलं. सभासद तेच, कोड तोच, वेळ तीच, खोली कॉर्नेलिया.

या ओळी कुणा पार्टनरच्या वाचनात आल्या तर एकच विनंती. ही बैठक सकाळी अकराला पालखीवालामध्ये घ्या, अण्णांना त्यात खुर्ची द्या, आणि तो तास तुमच्या सगळ्यांत मोठ्या अशिलाच्या तासाइतक्याच दरानं फर्मच्या नावावर चढवा. कपकेक आमचे आम्ही आणू.